असईचं म्हणून आलेलं पिस्तूल

जुनं पिस्तूल हातात आलं की काका आधी ते निरखत नाहीत. त्याचं तोंड भिंतीकडे वळवतात, कोटाच्या आतल्या खिशातून स्वतःचा बारीक लाकडी गज काढतात आणि नळीत सोडतात. गज तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी त्याच्यावर नख रोवायचं, तसाच बाहेर घ्यायचा आणि नळीला बाहेरून लावून बघायचा. टोक मागे कान्यापर्यंत, म्हणजे ठिणगी आत शिरायच्या भोकापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. दोन बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. बहुतेक वेळा ते काहीतरी म्हणजे कागदाचा बोळा, वाळलेली माती, कुणा पोराने कधीकाळी कोंबलेली पेन्सिल. पण एखाद्या वेळी खरंच दारू आणि गोळी निघते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी रात्री उशाशी असावं म्हणून ठासलं, पहाट झाली, उडवायची वेळ आली नाही. ठासणीचं हत्यार रिकामं करणं हे भरण्याहून कटकटीचं काम. ते तसंच पेटीत गेलं, पेटी माळ्यावर गेली, माणूस मातीत गेला. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

मला हा क्रम पटतो. वस्तू कुणाची, किती जुनी, केवढ्याची, हे सगळं मागाहून. आधी एवढंच विचारायचं, की तुझं काम संपलंय का? जुन्या वस्तूंच्या बाबतीत आपण ते धरूनच चालतो. काचेच्या कपाटात ठेवली, खाली चिठ्ठी लावली, की वस्तू निवृत्त झाली असं आपलं आपणच ठरवून मोकळे होतो. काका तसं धरत नाहीत.

काका नात्याने माझे कुणी नव्हेत. बर्मिंगहॅममधली मराठी माणसं गणपतीला जमतात तिथली ओळख. किर्लोस्करवाडीला उमेदवारी केलेला हा माणूस साठच्या दशकाच्या शेवटी इथे आला आणि मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये निवृत्त होईपर्यंत राहिला. शिकारीचा नाद नाही, लष्कराचं कौतुक नाही, घरात अंडंसुद्धा काकूंच्या नकळत येतं. वेड आहे ते कानशीचं. कानस कुणी कशी चालवली, पोलादाला पाणी कसं दिलं, दोन तुकडे एकमेकांत बसवताना कारागिराने कुठे घाई केली, हे बघायला त्यांना आवडतं, आणि दोनशे वर्षांपूर्वीची हातकामाची कानस बघायची तर जुन्या बंदुकांच्या कळीसारखी, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेसारखी, जागा नाही. शिवाय शहरही तसंच. स्टीलहाऊस लेनच्या मागे बंदूकवाल्यांचा अख्खा मोहल्ला होता. तिथे एका माणसाने एक बंदूक अशी कधी बनलीच नाही. कळी डार्लस्टन, वेन्सबरीकडून यायच्या, नळ्या दुसरीकडून, लाकूड घडवणारा तिसरा, पितळ ओतणारा चौथा, नक्षी कोरणारा पाचवा, आणि हे सुटे भाग घेऊन पोरं या गल्लीतून त्या गल्लीत धावायची. १९६० च्या दशकात रिंग रोडने तो मोहल्ला मधोमध कापला. काका आले ते त्याच सुमाराला. धावणारी पोरं त्यांना दिसली नाहीत, पण ती कुठून कुठे धावत असतील हे ते अजून बोट दाखवून सांगतात.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर जुन्या हत्यारांच्या बाजाराला गेले. शहराबाहेरच्या हॉटेलातला लग्नकार्याचा हॉल. ओळीने टेबलं, त्यांवर हिरव्या बनातीचं कापड, तलवारी, पदकं, दारूची शिंगं, आणि कागदी पेल्यातला चहा. मिशीला पीळ देणारी माणसं भेटतील असं मला वाटलं होतं. भेटली ती बँकेतून निवृत्त झाल्यासारखी, हळू बोलणारी, खिशात भिंग आणि छोटी टॉर्च बाळगणारी. बायका मोजक्याच, त्याही बहुतेक कुणालातरी गाडीतून घेऊन आलेल्या. माझ्यासारख्याच.

लहानपणी आजोळी, भोकरदनच्या बाजारात मी बैलाचे सौदे बघितलेत. घेणारा आधी दुसरीकडेच बघत उभा राहायचा. मग एकदम जबडा उघडून दात, मग खूर, मग पाठीवरून हात, मग चार पावलं चालवून बघणं. भाव रुमालाखाली, बोटांनी. इथे रुमाल नव्हता. बाकी सगळं तेच.

ते पिस्तूल टेबलाच्या कोपऱ्यात पडलं होतं. सव्वा फूट लांब, अक्रोडाचं लाकूड, मुठीला पितळी टोपण, नऊ-एक इंचांची गोल नळी, आणि तिचं तोंड एवढं रुंद की करंगळी सहज आत जावी. गारगोटीच्या ठिणगीवर चालणारं. नक्षी नाही, चांदी नाही. घोडेस्वाराला सरकारातून मिळायचं तसलं हत्यार. शेजारी प्लास्टिकच्या पाकिटात एक टंकलिखित कागद होता आणि कागदावरचं गावाचं नाव वाचून मी जागीच थांबले. असई. २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईत ड्रॅगून पलटणीच्या एका अधिकाऱ्याजवळ हे पिस्तूल होतं, आणि पुढे ते त्याच्या घराण्यात राहिलं, असा मजकूर.

असई माझ्या आजोळापासून लांब नाही. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं गाव. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीशी तिथे गाठ पडली. शिंद्यांच्या कंपूतले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, जागेवरच कापले गेले, आणि पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लू जिंकलेला हा वेलस्ली असईला आपल्या मोठ्या लढायांत गणत राहिला. नांगराला तोफेचे गोळे लागतात असं आम्ही ऐकत आलो होतो. मामाच्या गोठ्यात दावं बांधायला एक लोखंडी गोळा होता, तो तिथलाच असं मामा सांगायचा. मामा इतर बरंच काही सांगायचा.

मी कागद काकांपुढे धरला. त्यांनी तो न वाचता उलटा करून ठेवला. ‘‘हे शेवटी,’’ म्हणाले. ‘‘आधी ऐकलं की मग डोळे तेच शोधत बसतात.’’

गजाची परीक्षा झाली. नळी रिकामी. पिस्तुलाचा स्वतःचा गज जागेवर नव्हता, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. गज पहिला हरवतो. मग टॉर्च लावून ते कळीकडे वळले, आणि पुढचा बराच वेळ विकणारा, मी आणि मागे उभे असलेले दोघंतिघं आम्ही सगळे गप्प होतो.

काका काय बघतात हे मला हळूहळू कळायला लागलंय. ते दोष शोधत नाहीत. झीज जुळते का ते बघतात. घोडेस्वाराचं पिस्तूल खोगिराला लटकवलेल्या चामडी म्यानात आयुष्य काढतं, प्रत्येक टापेला त्याच एका अंगाने घासतं, म्हणून नळीच्या तोंडाची एक कड दुसरीपेक्षा बोथट हवी. पिस्तुलाचा घोडा मागे ओढताना अंगठा जिथे टेकतो तिथल्या चऱ्या पुसट झालेल्या हव्यात. मुठीचं पितळ उंचवट्यावर गुळगुळीत आणि खाचेत काळं. काना आहे त्याच्या भोवतीचं लोखंड खाल्लेलं, कारण जळलेल्या दारूची राख ओल ओढून घेते आणि गंज तिथून सुरू होतो. बनवेगिरी करणारा माणूस वस्तू आम्लात बुडवतो किंवा ओल्या मातीत पुरतो, आणि मग ती सगळीकडून सारखी जुनी होऊन येते. काळ इतका समदृष्टी नसतो. त्याच्या आवडीच्या जागा ठरलेल्या असतात.

मग स्क्रू. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच अरुंद आहे का, कडा पेचकसाने फाटल्यात का. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं एक माप सुचवलं; त्याआधी ज्याच्या त्याच्या कारखान्याचा ज्याचा त्याचा आटा. त्यामुळे या भोकातला स्क्रू त्या भोकात चालत नाही, आणि अदलाबदल होऊ नये म्हणून कारागीर कानशीने बारीक खुणा करून ठेवायचे, एक रेघ, दोन रेघा. काकांना त्या खुणा दाखवायला फार आवडतं. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती वही, असं त्यांचं म्हणणं.

मग तो प्रश्न, ज्यावर या बाजारातले निम्मे वाद होतात. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्व्हीचा पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. गारगोटीची ठिणगी रंजकात, म्हणजे कळीजवळच्या वाटीतल्या दारूत, पडून भपका उठला की पक्षी सावध होत, म्हणून त्याने ठोक्याने पेट घेणारं रसायन वापरायची युक्ती काढली आणि १८०७ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे केपाची, म्हणजे ते रसायन भरलेल्या इवल्या टोपीची बंदूक आली आणि १८३०-४० च्या दशकांत गारगोटीची हजारो हत्यारं केपाची करून घेतली गेली. आता गंमत अशी की आजच्या गिऱ्हाइकाला गारगोटीचंच हवं असतं, त्याचे पैसे जास्त. मग कुणीतरी केपाचं पिस्तूल पुन्हा गारगोटीचं करतो. सुधारलेलं पुन्हा मागास करायचं, तेही चोरून. कळीच्या पट्टीवर बुजवलेली भोकं, रंजकाच्या वाटीचं कोवळं कोरं लोखंड, जळकट नसलेला काना, यांवरून ते कळतं. काकांनी वाटीच्या आत करंगळी फिरवली, टॉर्चखाली बघितली आणि काहीच बोलले नाहीत. काही न बोलणं हे त्यांच्या बाबतीत चांगलं लक्षण.

मधेच त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं. वजन पुढे जातं, मनगट आपोआप खाली येतं. चालत्या घोड्यावरून, एका हाताने, हे कुणावर रोखायचं म्हणजे पाच-सात पावलांवर आलेल्या माणसावरच रोखायचं. त्याचा चेहरा दिसत असणार. मी ते पटकन परत देऊन टाकलं. पितळ इतकं मळकं होतं की चिंच लावून घासायला माझा हात शिवशिवत होता. तसं म्हटल्यावर काकांनी आणि विकणाऱ्याने एकाच वेळी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मी चहा आणायला गेले.

परत आले तेव्हा भिंग शिक्क्यांवर होतं. शिक्का ठोकलेला की कोरलेला, अक्षरांच्या खाचेतला रंग बाहेरच्या लोखंडासारखाच आहे की आत उजळ दिसतंय, हे बघायचं. नव्याने मारलेला शिक्का जुन्या काळसरपणाला कापत जातो. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ मध्ये सनद मिळाली. त्यांच्या परीक्षेच्या खुणा मुकुटाखाली असतात. बर्मिंगहॅमची वेगळी, एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड आणि वर मुकुट. बेल्जियममधल्या लिएजची लंबगोलात तीन अक्षरं. आणि खैबरच्या बाजूला, दर्रा आदमखेलच्या कारागिरांनी केलेल्या नकलांत इंग्रजी अक्षरं कधी आरशातल्यासारखी उलटी, कधी एखादं गळलेलं. त्या नकला मला मनापासून आवडतात. न वाचता येणारी लिपी समोर ठेवून तिचं चित्र काढलेलं. राणीच्या नावाचं शुद्धलेखन चुकलंय, पण बंदूक चालायची.

या पिस्तुलाच्या पट्टीवर मुकुट नव्हता. मागच्या पायांवर उभा राहिलेला एक सिंह होता, पुढच्या पंजांत मुकुट धरलेला. कंपनी सरकारची खूण. काकांनी आता कागद सुलटा केला, वाचला आणि मला विचारलं,

‘‘असई कधीची गं?’’

‘‘अठराशे तीन.’’

‘‘आणि हा सिंह?’’

मला माहीत नव्हतं. विकणाऱ्याला असावं, कारण त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. कंपनीच्या बंदुकांवर पूर्वी बदामाच्या आकाराची खूण असे, आत चार घरं पाडून कंपनीच्या नावाची अक्षरं, वर इंग्रजी चाराच्या आकड्यासारखी रेघ. ती मुळात मालाच्या गाठोड्यांवर मारायची खूण. कापडाचा गठ्ठा, चहाची पेटी आणि बंदूक, सगळ्यांना एकच शिक्का, आणि मला वाटतं कंपनीचा एवढा प्रांजळ कबुलीजबाब दुसरा नसेल. १८०८ च्या सुमारास बदाम गेला आणि सिंह आला. तोवर पेशव्यांनी वसईचा तह करून पाच-सहा वर्षं झाली होती. सिंह दाखवण्याइतकी कमाई झालेली होती. म्हणजे हे पिस्तूल असईच्या रणात असतं तर त्याने निदान पाच वर्षं अगोदर जन्म घ्यायला हवा होता.

दुसरी गोष्ट काकांनी जाता जाता सांगितली. अधिकारी आपली पिस्तुलं स्वतःच्या पैशाने, नावाजलेल्या बंदूककाराकडून जोडीने करून घेत. हे साधं सवाराचं. आणि ड्रॅगून पलटण राजाची. तिच्या हत्यारांवर कंपनीचा शिक्का कशाला येईल? असईला कंपनीच्या शिक्क्याचं पिस्तूल कुणाच्या कमरेला असायचंच तर मद्रासकडच्या देशी रिसाल्यातल्या सवाराच्या. त्याचं घराणं इंग्लंडात कुठून सापडणार?

विकणाऱ्याने वाद घातला नाही. कागद त्याने लिहिलेला नव्हता. ज्याच्याकडून पिस्तूल आलं त्याच्याकडून कागदही आला, त्याला कुणीतरी आणखी दिला असेल. खोटं कुणीच बोललं नव्हतं बहुतेक. प्रत्येकाने ऐकलेलं जपून पुढे दिलं होतं, मामाने त्या गोळ्याची गोष्ट दिली होती तसं.

मला मात्र वाईट वाटलं, आणि का वाटलं याचा विचार मी त्यानंतर बराच केला. असईला हरले ते आमच्या बाजूचे. हे पिस्तूल तिथे असतं तर ते माझ्या आजोळच्या शिवारात, बहुधा मराठी बोलणाऱ्या कुणावर तरी झाडलं गेलं असतं. ते तिथे नव्हतं हे ऐकून मला बरं वाटायला हवं. पण इंग्लंडातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, पिशवीतल्या कागदावर केळणाकाठचं गाव वाचल्यावर मला जे झालं ते माहेरची ओळख लागल्यावर होतं ते. आपल्याला वाईटाचाही धागा चालतो, तुटका नको असतो. त्या टेबलावर कागदासाठी दोन-अडीचशे पौंड जास्त लावलेले होते. माझ्याकडे पैसे असते तर मी ते दिले असते, आणि काकांना सांगितलंही नसतं.

गोष्टीला पैसे पडतात हे काही नवीन नाही. २०२४ च्या जुलैत फ्रान्समध्ये फोंतेनब्लोला नेपोलियनच्या पिस्तुलांच्या एका जोडीचा लिलाव झाला. पॅरिसच्या गोसे नावाच्या बंदूककाराने केलेली, सोन्याचांदीने मढवलेली. १६ लाख ९० हजार युरो. १८१४ च्या एप्रिलात राज्य सोडायची वेळ आल्यावर नेपोलियनने या पिस्तुलांनीच स्वतःला संपवायचं ठरवलं, पण त्याच्या विश्वासातल्या कोलँकूरने त्यातली दारू आधीच काढून ठेवली होती. नेपोलियनने मग विष घेतलं, तेही बाधलं नाही, आणि पुढे ती जोडी त्याने कोलँकूरलाच दिली. म्हणजे न झालेल्या बाराची ही किंमत. उलट १८७३ च्या जुलैत ब्रसेल्समध्ये कवी व्हर्लेनने दारूच्या तारेत रँबोवर जे रिव्हॉल्व्हर झाडलं ते अगदी साधं, दुकानातून तेव्हाच विकत आणलेलं. गोळी मनगटाला लागली. २०१६ मध्ये पॅरिसला त्या रिव्हॉल्व्हरचे ४ लाख ३४ हजार युरो झाले. तसलीच रिव्हॉल्व्हरं कित्येक कपाटांत पडून असतील, त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांनी कुठल्या कवीला जखमी केलं नाही. एकातली दारू मित्राने काढली, दुसऱ्याचा नेम प्याल्याने चुकला. लोखंडाच्या अंगावर या दोन्हींचा काही मागमूस नाही. भिंगातून मैत्री दिसत नाही.

काकांच्या भिंगातून जे दिसतं ते एवढंच, की हा स्क्रू मूळचा, ही झीज खरी, हा अंगठा कुणाचातरी होता. कुणाचा, ते नाही. शरीराची साक्ष पक्की आणि तुटपुंजी. गोष्टीची साक्ष भरघोस आणि कच्ची. मला वाटायचं चांगला पारखी म्हणजे ज्याला वस्तूकडून जास्तीत जास्त वदवून घेता येतं तो. काकांना बघून उलटं वाटायला लागलंय. वस्तू जिथे गप्प होते तिथे तेही गप्प होतात आणि त्यांना त्याचा त्रास होत नाही. मला होतो.

साडेनऊशेचे सातशे झाले. काकांनी रोख मोजले. इथल्या १९६८ च्या कायद्यात अशी जुनी हत्यारं केवळ कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून परवान्याशिवाय बाळगता येतात. पिस्तूल कापडात गुंडाळून पिशवीत घातलं आणि आम्ही निघालो, एवढं सोपं. ते घेऊन भारतात जायचं म्हटलं तर आपला १९५९ चा शस्त्र कायदा आडवा येतो. जुनंपुराणं हत्यार त्यातून सुटतं खरं, पण ते दुरुस्त करूनही उडण्याजोगं नसेल तरच. आणि हे पिस्तूल, काकांच्या मते, नवी गारगोटी बसवली तर उद्या उडेल. बरं, ते भारतातच राहून गेलं असतं तर शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बाहेर पडलं नसतं. इकडून तिकडे गेलं ते लढायला, तिकडून इकडे आलं ते कुणाच्यातरी सामानात, आणि आता मधेच दार लागलंय. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातून २००३ च्या सुमारास हजारो बंदुका अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी नेल्या, त्यांतही कंपनीच्या खुणेच्या होत्या. हिंडतात त्या अशा.

येताना काकांनी गाडी बॅनबरी स्ट्रीटवरून घ्यायला लावली. तिथे बंदुकांच्या नळ्या पारखणारं घर आहे, १८१३ च्या कायद्याने झालेलं आणि अजून चालू असलेलं. दारावर ढालीतलवारींचं रंगीत शिल्प. पद्धत सरळ आहे: नव्या नळीत नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त दारू ठासायची आणि उडवायची. फुटली तर फुटली. वाचली तर अंगावर शिक्का. हे घर होण्याच्या आधीच्या शतकात याच शहरातल्या स्वस्त बंदुका जहाजं भरभरून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात आणि त्यांच्या बदल्यात माणसं घेतली जात. त्या नळ्यांची परीक्षा कुणी कितपत घेतली असेल कोण जाणे. काका त्या दाराकडे कारखान्याच्या फाटकाकडे बघावं तसं बघत होते. मी इंजिन चालू ठेवलं होतं. तिथे गाडी उभी करायला मनाई आहे.

घरी आल्यावर त्यांनी नोंदवही काढली. मराठीत लिहितात. कंपनी सरकार, घोडदळ, १८०८ नंतर. घोडा मूळचा. कानाजवळ खड्डे. गज नाही. घासलेलं नाही. शेवटच्या रकान्यात, ‘विकणाऱ्याचं म्हणणं: असई’, आणि पुढे कंसात ‘नाही’. टंकलिखित कागद मात्र फेकला नाही. घडी करून वहीतच ठेवला.

‘‘खोटा आहे ना तो?’’ मी विचारलं.

‘‘खोटा आहे. पण याच पिस्तुलाबद्दल खोटा आहे.’’

काकूंनी पोहे आणले. खाता खाता मला एक सुचलं आणि मी ते बोलून टाकलं. कंपनीच्या कारखान्यांत मोडकी हत्यारं दुरुस्त व्हायचीच की. समजा नळी आणि लाकूड आधीचं असेल, कळ तुटली असेल, आणि नंतर सिंहाची कळ बसवली असेल, तर? काकांनी लगेच नाही म्हटलं नाही. पट्टीच्या मागच्या टोकाशी लाकडात केसाएवढी फट आहे, ती मला त्यांनीच टॉर्चने दाखवली होती. लाकूड आखडल्याने पडते तशी. दुसरी कळ बसवताना राहते तशीही.

‘‘नळीच्या खालच्या अंगाला खुणा असतील,’’ ते म्हणाले. ‘‘लाकडात झाकलेल्या. तिथे बदाम निघाला तर...’’

‘‘मग काढू या ना नळी.’’

‘‘आडव्या खिळी आहेत. दोनशे वर्षं बसलेल्या. ठोकून काढताना लाकूड चिरतं.’’

‘‘नेहमी?’’

‘‘नेहमी नाही.’’ त्यांनी पिस्तूल उलटं करून त्या खिळींच्या टोकांवरून अंगठा फिरवला आणि पोह्यांवर लिंबू पिळायला घेतलं. ‘‘उन्हाळ्यात बघू. लाकूड तेव्हा जरा सैल होतं.’’

काकू म्हणाल्या, हे मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्यातरी पिस्तुलाबद्दलही असंच म्हणत होते.